काचेच्या आतला अंगठा

गढा वस्तीतल्या त्या गल्लीत ‘घाटपांडे कुठे राहतात’ असं विचारलं, तर लोक बुचकळ्यात पडतात. ‘लेन्सवाले बाबूजी’ म्हटलं की मात्र पानठेलेवाला बोटाचा चुना पुसत दार दाखवायला सोबत येतो. मुरलीधरराव घाटपांडे तेहतीस वर्षं फॅक्टरीत होते, तोफांवरच्या दुर्बिणी नीट करायच्या खात्यात. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी हाताला कंप नाही, चष्मा फक्त पेपर वाचण्यापुरता, आणि स्वभावात माफी नावाची चीज नाही. कंपनीने ‘हे होणार नाही’ म्हणून परत पाठवलेली लेन्स कटनीहून, मंडल्याहून बसने कुणाच्या तरी हाती त्यांच्याकडे यायची आणि चार दिवसांनी लख्ख होऊन परत जायची.

त्यांची कामाची खोली म्हणजे घरामागचं जुनं न्हाणीघर. हसू नका, त्यामागे शास्त्र आहे. लेन्स उघडली की तिचा खरा वैरी धूळ, आणि धूळ बसवायची तर पाणी हवं. काम सुरू करण्याआधी मुरलीधरराव बादलीभर गरम पाणी त्या फरशीवर ओतायचे, दार आणि झरोका लावून घ्यायचे आणि वाफ खाली बसेपर्यंत बाहेर थांबायचे. मग आत पंखा नाही, वारा नाही, कुणाचं बोलणं नाही. टेबलदिव्याच्या उजेडात ते आणि काच, दोघंच. विनताबाई म्हणायच्या, की लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण एवढ्या मायेने माझ्याकडे कधी पाहिलं नाही. त्यात खोटं काही नव्हतं.

त्या रविवारी सकाळी त्यांचा मुलगा आलोक लेन्स घेऊन आला. आलोक लग्नांचे फोटो काढायचा, शहरात नाव होतं त्याचं. पण गेले बारा दिवस तो घरातच पडून होता, आणि त्याचं कारण सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. लम्हेटा घाटाच्या खडकांवर तो एका जोडप्याचं लग्नाआधीचं फोटोशूट करायला गेला होता. बरगी धरणाचे दरवाजे उघडले होते, नर्मदेचं पाणी चढलं, आणि नवरीमुलगी, पूर्णिमा, त्यात वाहून गेली. तिसऱ्या दिवशी सापडली. आलोकने पोलिसांना सांगितलं होतं की ती आपल्यापासून वीस फूट लांब होती, हात पोचण्यासारखी नव्हती. सगळ्यांनी ते मानलं. न मानण्यासारखं त्यात काय होतं?

“बाबा, हे जरा बघा ना,” आलोक म्हणाला. “आत फंगस आलं बहुतेक. उद्या सकाळी पाहिजे.”

“उद्या काहून? काही बुकिंग आहे का?”

“नाही… ठाण्याच्या टीआय साहेबांनी कॅमेरा अन् लेन्स मागवली. फॉर्मॅलिटी आहे. दाखवून वापस आणायची.”

पोलिसांना दाखवायची वस्तू आधी साफ कशाला करायची, हा प्रश्न मुरलीधररावांनी तेव्हाच विचारायला हवा होता. पण बिघडलेली लेन्स समोर आली की त्यांना दुसरं काही सुचत नसे. त्यांनी ती हातात घेतली. पंच्याऐंशी एमएमची, मोठ्या डोळ्याची, चेहरे काढायची लेन्स. सवयीप्रमाणे कानाशी धरून कडं फिरवलं. आत कर्रकर्र झालं.

“हिच्यात रेती आहे,” ते म्हणाले. “पाणी गेलं का?”

“थोडं उडालं असेल,” असं पुटपुटत आलोक बापाची नजर चुकवून आत निघून गेला.

साडेनऊला पाणी ओतलं, दहाला मुरलीधरराव आत बसले. पुढचं कडं काढलं. प्रत्येक काच बाहेर काढण्याआधी तिच्या कडेला ते पेन्सिलची बारीक खूण करायचे, परत बसवताना ती होती तशीच बसावी म्हणून. पहिली खूण केली, काच उचलली, दिव्याखाली धरली आणि थांबले.

काचेवर अंगठ्याचा ठसा होता. त्याचं काही विशेष नाही, लोक काचेला बोटं लावतात आणि मुरलीधरराव त्यांना मनातल्या मनात शिव्या देतात. पण हा ठसा काचेच्या आतल्या बाजूला होता. पहिली काच आणि दुसरी काच ह्यांच्यामधली ती जागा कारखान्यातून निघतानाच बंद झालेली असते. तिथे माशीचा पाय जात नाही. आणि हा अंगठा चांगला ठसठशीत उमटलेला, लहानसा, बाईमाणसाचा, मध्यभागी जोर देऊन दाबलेला.

“कुणीतरी आधी उघडलेली दिसते,” असं म्हणून त्यांनी काचेवर तोंडाची वाफ सोडली. हाऽ. ही त्यांची जुनी पद्धत. महागडी द्रावणं नंतर, आधी माणसाचा श्वास. मऊ कागदाने मधून बाहेर, मधून बाहेर असं गोल पुसलं. काच साफ झाली. ती बाजूला ठेवून त्यांनी दुसरीला खूण केली आणि परत पहिलीकडे पाहिलं. ठसा तिथेच होता. आता त्याच्या शेजारी तर्जनीही उमटली होती.

स्पिरिट काढलं. पुन्हा पुसलं, ह्या वेळी मन लावून. उलटीपालटी करून दिव्याखाली पाहिली, कुठे काही नाही. काच ठेवायला त्यांनी कापडाची घडी सरळ केली, तेवढाच काय तो वेळ गेला असेल. परत पाहिलं तर चार बोटं आणि अंगठा. हाताची पकड. एखादी गोष्ट निसटून जाऊ नये म्हणून माणूस जशी बोटं रुतवतो, तशी.

मुरलीधरराव भित्रे नव्हते. पण त्यांना एकाएकी जाणवलं, की खोलीत वास येतोय. स्पिरिटचा नव्हे. शेवाळाचा, भिजलेल्या रेशमाचा, आणि त्यातच केसांना मारायच्या कसल्याशा गोड फवाऱ्याचा. फरशीवरचं पाणी एव्हाना सुकायला हवं होतं. ते सुकलं नव्हतं. पायांच्या बोटांना गार लागत होतं.

त्यांनी काच तोंडाजवळ नेली आणि तिसऱ्यांदा वाफ सोडली. हाऽ… काच धुरकट झाली. ती वाफ विरायला हवी, कडेकडून आत, हळूहळू. ती विरली नाही. ती मधोमध गोळा झाली आणि ओढली गेली, काचेच्या पलीकडून कुणीतरी ती भुकेल्यासारखी आत घ्यावी तशी. आणि मग, कानाशी नव्हे, बोटांच्या टोकांना जाणवावा इतका बारीक आवाज आला.

“भैया… हात द्या ना…”

काच त्यांच्या हातातून पडली नाही. त्यांच्या हातातून काच कधी पडत नसे. त्यांनी ती घडीवर नीट ठेवली, दार उघडलं आणि आलोकला हाक मारली.

आलोक दारातच उभा राहिला, आत पाऊल टाकेना.

“हा कुणाचा हात आहे?” मुरलीधररावांनी विचारलं.

आलोकने काचेकडे पाहिलंही नाही. “मी पुसला होता,” तो म्हणाला. “बाबा, मी दहादा पुसला. तेव्हा बाहेरून होता. मग… मग तो आत गेला.”

“ती वीस फूट लांब होती म्हणून सांगितलं तू.”

आलोक खाली बघून बोलायला लागला. पूर्णिमाचा होणारा नवरा दुसरा ड्रेस आणायला वर गाडीपाशी गेला होता. धरणाचा सायरन वाजला होता, दोघांनीही ऐकला. पूर्णिमा म्हणाली, चला आता. आलोक म्हणाला, पाच मिनिटं, लाइट मस्त आहे. मग पाणी आलं ते खडकाच्या मागून आलं. तिचा पाय शेवाळावरून गेला. आलोक तिच्यासमोर होता, हातभर अंतरावर, चेहऱ्याचे फोटो घेत. तिने समोर जे होतं ते धरलं. लेन्स धरली.

“घट्ट धरली होती, बाबा. अंगठा काचेवर. नुसतं मी तसंच उभं राहायचं होतं. तिचं वजन किती असेल… मी उभा राहिलो असतो.”

“मग?”

“मी विचार नाही केला. काचेला बोट लागलं, अन् हात आपोआप मागे आला.” तो रडत नव्हता, त्याचा आवाज अगदी कोरडा होता. “तुम्हीच शिकवलं. मी नऊ वर्षांचा होतो, जिन्यावर पाय घसरला, लेन्स फुटली. माझ्या हनुवटीतून रक्त येऊन राहिलं होतं अन् तुम्ही काचा गोळा करत होते. म्हणाले, पडायचं तर पाठीवर पड, लेन्स छातीशी धर. काचेला बोट लागू देऊ नको. मी नाही लागू दिलं, बाबा.”

मुरलीधररावांना ते आठवत होतं. आठवत होतं एवढंच नाही, ती गोष्ट ते पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, की बघा, त्या दिवसापासून पोराच्या हातून एक वस्तू पडली नाही. आता त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की पोरासमोर उभं राहवेना. त्यांनी आलोकला जायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

पूर्णिमाच्या आईला, शर्मिलाताईंना, त्यांनी एकदाच पाहिलं होतं. मुलगी सापडल्यावर आठवड्याने त्या इथे आल्या होत्या. रेल्वेत नोकरी करणाऱ्या, नीटनेटक्या बाई. रडल्या नाहीत. आलोकला एवढंच विचारलं, की शेवटी ती काही बोलली का. आलोक म्हणाला, नाही आंटी, दूर होती, काही ऐकू नाही आलं. त्या मान हलवून गेल्या. पण जाताना दारात मुरलीधररावांना आपला नंबर देऊन म्हणाल्या, “याला कधी काही आठवलं तर सांगाल मला, घाटपांडेजी. काहीही असू द्या. मला राग नाही येणार.”

तो नंबर फोनमध्ये होता. काय करायला हवं ते मुरलीधररावांना स्वच्छ कळत होतं. लेन्स आहे तशी जोडायची, उद्या टीआयसमोर ठेवायची, आणि त्या बाईला खरं सांगायचं. आलोकला शिक्षा झाली तर होईल. जन्माची तर होणार नाही.

त्यांनी फोन लावला. पहिल्या घंटीलाच तो उचलला गेला.

“घाटपांडेजी?” शर्मिलाताई म्हणाल्या. “बोला… काही कळलं का?”

टेबलावर काचेवरचा हात तसाच होता. खोलीतलं पाणी हलत नव्हतं. कुणीतरी श्वास धरून ऐकत होतं, हे मुरलीधररावांना पाठीच्या कण्यातून कळत होतं. त्यांनी तोंड उघडलं. आणि त्यांना दिसला तो नऊ वर्षांचा पोरगा, जिन्यात बसलेला, हनुवटीला हात लावून. एकदा त्याला सोडून काचा वेचल्या. आता परत?

“नाही, ताई,” ते म्हणाले. “काही नाही. चुकून लागला फोन.”

“अच्छा…” बाई म्हणाल्या. एवढंच. आणि फोन ठेवून दिला.

मुरलीधररावांनी वळून पाहिलं. काच साफ होती. हात नाही, बोट नाही, अंगठा नाही. वास गेला होता. फरशी खडखडीत कोरडी होती. माणसाने काय समजावं अशा वेळी? त्यांनी समजायचं ते समजलं, की गेली. सुटली बिचारी. मागणारा माणूस मागायचं थांबवतो ते काही नेहमी समाधानाने नव्हे, हे त्यांच्यासारख्या शहाण्या माणसाला कळू नये, ह्याचं मला आजही नवल वाटतं.

तरी खात्री असावी म्हणून त्यांनी तेहतीस वर्षांत कधी न केलेलं पाप केलं. पॉलिशची गुलाबी पावडर पाण्यात कालवली, आणि त्या काचेची आतली बाजू घासली. काचेवर निळसर मुलामा असतो, तो गेला तर काचेचा जीव जातो. तो त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकला, दोन तास, गोल गोल, मुलासाठी. मध्ये विनताबाईंनी दार वाजवलं.

“अहो, जेवण गार होऊन राहिलं. काहून एवढे दार लावून बसले?”

“झालंच,” आतून उत्तर आलं.

साडेतीनला लेन्स जोडून झाली. कडं रेशमासारखं फिरत होतं. आता राहिली परीक्षा. जोडलेली लेन्स कॅमेऱ्याला लावून जवळचं, मधलं आणि लांबचं सगळं स्पष्ट दिसतं का, हे पाहिल्याशिवाय मुरलीधरराव कुठलीही लेन्स घराबाहेर जाऊ देत नसत. ते आलोकला घेऊन गच्चीवर गेले. भाद्रपदातलं लख्ख ऊन होतं. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत होते, खाली कुणाच्या तरी टीव्हीवर मॅच चालू होती. ह्यापेक्षा निर्भय जागा आणि वेळ कुणी शोधूनही सापडली नसती.

“तिथे उभा राहा,” मुरलीधरराव म्हणाले. “हलू नको.”

आलोक चार पावलांवर उभा राहिला. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा दिसत होता. “झाली ना साफ, बाबा? नक्की?”

“झाली.”

त्यांनी कॅमेऱ्यात नवीन कार्ड घातलं, डोळा लावला, कडं फिरवलं. आलोक धूसर होता तो हळूहळू स्पष्ट झाला. डोळे, भुवया, हनुवटीवरची जुनी खूण. काच घासली होती तरी चित्र झकास येत होतं. मग त्यांच्या लक्षात आलं, की आलोकचे केस हलताहेत.

वारा नव्हता. आणि वाऱ्याने केस असे हलत नाहीत. ते वर उचलले जात होते, सावकाश, एकेक बट सुटी होऊन, आणि तशाच सावकाशीने डावीकडून उजवीकडे झुलत होते. शर्टाची कॉलर फुगत होती. आलोकच्या मागची पाण्याची टाकी, तार, आकाश, सगळं किंचित हिरवट झालं होतं.

मुरलीधररावांनी कॅमेरा खाली केला. आलोक उन्हात उभा होता. केस चापूनचोपून बसलेले.

“काय झालं?” त्याने विचारलं.

“काही नाही… थांब.”

पुन्हा डोळा लावला. आलोकचं तोंड उघडं होतं, आणि त्यातून बुडबुडे निघत होते. एकामागून एक, वर वर जाणारे. त्याचे डोळे विस्फारले होते. त्याच्या मागे काही नव्हतं, कुणीही नव्हतं. फक्त त्याच्या खांद्यावरून पुढे, त्याच्या गालाला लागून, दुसऱ्या कुणाचे तरी लांब केस तरंगत आले होते…

“बाबा…”

हा आवाज लेन्समधून आला नव्हता. मुरलीधररावांनी मान वर केली. उन्हात, कोरड्या गच्चीवर, आलोक खोकत होता. त्याच्या तोंडातून पाणी येत होतं. ओंजळभर, मग आणखी, गढूळ, रेतीचं. त्याने एक पाऊल पुढे टाकलं, दुसरं टाकलं, गुडघे वाकले. त्याला दिसत नसावं. त्याने आंधळ्यासारखा हात पुढे केला.

“बाबा… हात…”

दोन हात लांब होता तो. कॅमेरा सोडायचा, पोराचा हात धरायचा, बस. एवढंच करायचं होतं. मुरलीधररावांना ते कळत होतं, ते ओरडतही होते, “आलोक! आलोक!” म्हणून. आलोकची ओली बोटं चाचपडत पुढे आली आणि समोर जे होतं त्याला लागली. काचेला लागली.

आणि मुरलीधररावांचे हात आपोआप मागे आले.

पुढचं सांगायला मला बरं वाटत नाही, पण सांगतो, कारण ते स्वतः रोज स्वतःला सांगतात. आलोक पालथा पडला. मुरलीधरराव त्याच्याकडे धावले, पण धावण्याआधी त्यांनी खिशातून झाकण काढून लेन्सला लावलं. कॅमेरा कठड्यावरच्या पंच्याच्या घडीवर ठेवला, घरंगळणार नाही असा. मग धावले. त्यांच्या हातांनी हे सगळं त्यांना न विचारता केलं. किती वेळ गेला असेल? चार श्वासांचा. आलोककडे तेवढे उरले नव्हते.

डॉक्टरांनी लिहिलं, बुडून मृत्यू. फुप्फुसांत पाणी आणि रेती. पोलिसांनी गच्चीवरची टाकी तपासली. टाकीचं झाकण घट्ट होतं, त्यावर धूळ होती आणि आलोकचे कपडे कंबरेखाली कोरडे होते. पंचनाम्यात कॅमेराही गेला. शर्मिलाताई तेराव्याला आल्या, विनताबाईंना जवळ घेऊन बसल्या, आणि निघताना मुरलीधररावांकडे नुसतं पाहिलं. काही विचारलं नाही. त्यांनी विचारावं म्हणून मुरलीधरराव उभे होते, सगळं ओठांवर घेऊन. पण आता कुणाला ऐकायचं नव्हतं.

महिन्याभराने एका दुपारी टीआय साहेब घरी आले, एकटेच. भला माणूस होता. विनताबाईंनी मुकाट्याने दोन कप चहा आणून ठेवला आणि त्या आत गेल्या. टीआयनी पिशवीतून कॅमेरा काढून टेबलावर ठेवला.

“बाबूजी, एक बात समझ में नहीं आई,” ते म्हणाले. “छत पर आप दोनों ही थे न? तीसरा कोई नहीं?”

“नाही,” मुरलीधरराव म्हणाले. मग भानावर येऊन, “नहीं साहब. कोई नहीं.”

“तो फिर ये किसने खींची?”

टीआयनी कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्याकडे वळवला. मुरलीधररावांनी त्या दिवशी बटण दाबलं नव्हतं, एकदाही. कार्ड कोरं होतं. तरी पडद्यावर फोटो होता. गच्ची, आकाश, आणि मधोमध मुरलीधरराव स्वतः. फोटो खालून काढलेला होता, बराच खालून. कडा लहरत होत्या, सगळ्यावर हिरवट झाक होती, पाण्याच्या तळाशी पडलेल्या माणसाला काठावरचा माणूस दिसावा तसे ते दिसत होते. चौकटीच्या खालच्या कडेला पाच बोटांची टोकं होती, वर येऊ पाहणारी. आणि वर मुरलीधरराव, दोन्ही हातांनी लेन्स छातीशी धरून, मागे सरलेले. त्यांचा चेहरा स्पष्ट आला होता. त्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, भीतीही नव्हती. नुसती काळजी होती, आणि ती कशाची, हे कुणालाही कळलं असतं.

“आवाज़ तो नहीं आई थी शटर की?” टीआयनी हळूच विचारलं. मग त्यांनी उगाच एक बटण दाबलं. “एक और है. इसका तो कुछ समझ ही नहीं आता… कमरा है कोई.”

मुरलीधररावांनी पाहिलं. हीच खोली होती. छतावरचा पंखा लहरत होता. टेबलाची खालची बाजू दिसत होती, दोन खुर्च्या, समोरची रिकामी. आणि दुसऱ्या खुर्चीतून मुरलीधरराव खाली वाकून बघत होते, अगदी जवळ, जमिनीत काहीतरी दिसल्यासारखे. अंगात आजचाच निळा शर्ट. हातात चहाचा कप, कलता धरलेला, अर्धा संपलेला.

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. त्यांचा कप काठोकाठ भरलेला होता. त्यावरून अजून वाफ येत होती.

टीआयचा फोन वाजला. ते उठले. “चलता हूँ बाबूजी. ये अभी आपके पास रहने दीजिए, कल सिपाही भेजता हूँ.”

“साहब… बैठिए ना,” मुरलीधरराव म्हणाले. “थोड़ी देर… बैठिए.”

पण साहेब दारापर्यंत पोचले होते. खुर्ची रिकामी झाली. बाहेर जीप सुरू झाली, गल्लीतून गेली. मुरलीधरराव कपाला हात न लावता बसून राहिले, पाय खुर्चीवर घेऊन, नजर समोरच्या भिंतीवर रोखून. खाली बघायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

आतून विनताबाईंचा आवाज आला, थकलेला, रोजच्यासारखा.

“अहो… चहा गार होऊन राहिला. घ्या ना.”